उमेदवारी आणि हक्क : मुंबई इलाख्यातील सुशिक्षित तरुणांचा नोकरीप्रवेश (१८४४ ते १९१८)

प्रस्तावना

पदवी हाती पडताच खुर्ची, पगार आणि मान या तिन्ही गोष्टी आपल्याला देय आहेत अशी आजच्या तरुणांची समजूत असते, अशी तक्रार नोकरी देणारे करतात, आणि आपण शिक्षकही ती शिक्षक-कक्षात चहाच्या वेळी करीत असतो. तक्रारीत तथ्य किती हा समाजशास्त्राचा किंवा मानसशास्त्राचा प्रश्न होय. इतिहासाच्या अभ्यासकापुढचा प्रश्न वेगळा आहे. ही तक्रार केव्हापासून केली जाते, ती कोण करतो, आणि ज्या अपेक्षेला 'हक्काची भावना' म्हणून नावे ठेवली जातात ती अपेक्षा मुळात निर्माण कोणी केली? महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या तक्रारीचे वय किमान दीडशे वर्षांचे आहे. प्रस्तुत लेखात मुंबई इलाख्यातील इंग्रजी शिक्षण घेतलेल्या पहिल्या दोन-तीन पिढ्यांच्या नोकरीप्रवेशाचा विचार केला आहे. त्यासाठी 'उमेदवार' हा शब्द हाताशी धरणे सोयीचे ठरते.

'उमेदवार' शब्दाचा प्रवास

उमेद म्हणजे आशा. फारसीतून आलेला 'उमेदवार' हा शब्द मूळ अर्थाने आशा धरून असलेला माणूस दाखवितो. एकोणिसाव्या शतकातील मराठीत मात्र त्याला एक नेमका व्यावसायिक अर्थ प्राप्त झाला होता. नोकरी मिळेल या आशेवर कचेरीत विनावेतन राबणारा तरुण तो उमेदवार, आणि त्याचे ते राबणे म्हणजे उमेदवारी. मामलेदार कचेरीत किंवा न्यायालयात असा तरुण कारकुनाच्या शेजारी बसे, मोडी कागदांच्या नकला करी, हिशेब तपासून देई, साहेबाची वा शिरस्तेदाराची मर्जी सांभाळी आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाही. वाट किती काळ पाहावी लागेल याला धरबंध नव्हता.

ही रीत इंग्रजांनी आणली नाही. पेशवाईतील दफ्तरांत कारकुनाच्या घरातील मुलगा वडिलांच्या वा मामाच्या हाताखाली बसून लिहिणे-मोजणे शिकत असे. शिवाय मराठी मुलखातील अधिकारपद ही बहुतांशी वतनी मालमत्ता होती. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख यांचे अधिकार वंशपरंपरेने चालत आणि त्या अधिकारांबरोबर येणाऱ्या प्राप्तीस 'हक्क' हाच शब्द होता. अधिकारपदावर बसणे हा घराण्याचा हक्क आहे ही कल्पना इंग्रजी शाळेतील मुलाने पुस्तकातून उचललेली नव्हती, ती त्याच्या घरातच होती. इंग्रजांनी वतनांचे हक्क रोख रकमेत बदलले, १८७४ साली मुंबई वंशपरंपरागत अधिकारपदांचा कायदा करून त्यांना चौकटीत बसविले. पण 'पद हे आपल्या घराचे देणे' ही समजूत कायद्याने पुसली जाणारी नव्हती. ती वतनाकडून प्रमाणपत्राकडे सरकली.

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. उमेदवारी कोणाला परवडत होती? ज्याच्या घरी शेताचे वा वतनाचे उत्पन्न आहे, ज्याचा थोरला भाऊ वा चुलता आधीच कचेरीत आहे, ज्याला कचेरीच्या गावी नातलगाकडे जेवणाची सोय आहे, त्याला. ज्याच्या घरात हातावर पोट आहे त्याने बिनपगारी दोन वर्षे बसावे कोठे आणि खावे काय? म्हणजे उमेदवारी ही वरकरणी नम्रतेची शाळा असली तरी तिच्या दारातच निवड होऊन जात होती. आणि बिनपगारी माणूस कचेरीत बसला की तो जगणार कशावर, या प्रश्नाचे उत्तर कचेरीत दाद मागायला येणाऱ्या रयतेला ठाऊक होते. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये कचेऱ्यांतील कामगारांकडून शेतकऱ्याची होणारी जी नाडवणूक वर्णिली आहे, ती वाचताना हा आर्थिक दुवा ध्यानात ठेवला पाहिजे.

सरकारी वचन आणि त्याचे परिणाम

१८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमाने धर्म, जन्मस्थान, वंश वा वर्ण यांच्या कारणाने कोणाही हिंदी माणसास कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरविता येणार नाही असे जाहीर केले. ते कलम बहुतांशी कागदावरच राहिले. अधिक परिणामकारक ठरला तो गव्हर्नर जनरल हार्डिंग यांचा ऑक्टोबर १८४४ चा ठराव. सरकारी नोकऱ्या देताना इंग्रजी विद्यालयांतून शिकून निघालेल्या तरुणांना अग्रक्रम द्यावा असे त्यात म्हटले होते. ठराव मुख्यतः बंगालला उद्देशून होता, तथापि त्यातील तत्त्व १८५४ च्या वुडच्या खलित्याने सर्व इलाख्यांसाठी पुन्हा उच्चारले. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने त्यावर राजमुद्रा उमटवली.

म्हणजे 'शिका, आम्ही नोकरी देऊ' हे वाक्य प्रथम सरकारने उच्चारले होते. सरकारला इंग्रजी जाणणारे स्वस्त नोकर हवे होते आणि नव्या शाळांना विद्यार्थी हवे होते. आमिषाविना विद्यार्थी मिळणे कठीण होते. पालकांनी दागिने मोडले, कर्ज काढले, मुलांना पुण्या-मुंबईस ठेवले. ही त्यांची गुंतवणूक होती आणि परतफेडीची मुदत त्यांच्या मते पदवीच्या दिवशी भरत होती.

सुरुवातीस वचन पाळले गेले. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पहिली परीक्षा १८६२ साली झाली. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे चौघे तीत उत्तीर्ण झाले. चार पदवीधर आणि एक अख्खा इलाखा! त्यांना जागा शोधत हिंडावे लागले नाही. रानडे १८७१ साली पुण्यास सबॉर्डिनेट जज्ज झाले आणि १८९३ साली उच्च न्यायालयात पोचले. या पहिल्या पदवीधरांची उदाहरणे पुढच्या दोन पिढ्यांच्या घराघरांत सांगितली गेली. अपेक्षेचे माप त्यांच्यावरून ठरले, पण जागांची संख्या पदवीधरांच्या संख्येबरोबर वाढली नाही. कोणत्याही शिक्षणव्यवस्थेत पहिल्या तुकडीचे भाग्य हे पुढील तुकड्यांना नियम वाटू लागते.

वरच्या जागांची दारे तर हळूहळू लोटली जात होती. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी परीक्षा उत्तीर्ण होणारे पहिले हिंदी गृहस्थ १८६४ साली मुंबई इलाख्यात रुजू झाले. तथापि परीक्षा लंडनलाच होत राहिली, आणि १८७० च्या दशकात तिची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्यात आली. हिंदी मुलाने एकोणिसाव्या वर्षापूर्वी समुद्र ओलांडून इंग्रज मुलाशी लॅटिन-ग्रीकच्या परीक्षेत बरोबरी करावी, असा त्याचा अर्थ होता. १८७९ साली सरकारने 'स्टॅट्युटरी सिव्हिल सर्व्हिस' काढली. तीत राखलेल्या काही जागांवर परीक्षेविना, चांगल्या घराण्यातील व सामाजिक प्रतिष्ठेच्या तरुणांना नेमावयाचे होते. ज्या काळात पदवीधरांवर 'हे स्वतःला नोकरीचे हक्कदार समजतात' असा ठपका ठेवला जात होता, त्याच काळात सरकार स्वतः जन्मावर पद देत होते, हा विरोधाभास तत्कालीन वृत्तपत्रांच्या नजरेतून सुटणारा नव्हता. १८८६ साली नेमलेल्या एचिसन आयोगानंतर ती योजना गुंडाळली गेली. परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थान दोन्हीकडे एकाच वेळी घ्यावी हा दादाभाई नौरोजींचा आग्रह होता. १८९३ साली कॉमन्स सभेने तसा ठरावही केला, परंतु सरकारने तो अमलात आणला नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनात या काळात 'असंतुष्ट पदवीधर' हा एक ठरीव साचा बनतो. तो थोडे शिकलेला, फार अपेक्षा धरणारा, हाताने काम करण्यास लाजणारा आणि नोकरी न मिळाल्यास राजद्रोही होणारा असतो. साचा सोयीचा होता. वचनभंगाचा प्रश्न त्यामुळे स्वभावदोषाचा प्रश्न बनत असे.

याचा अर्थ टीका फक्त इंग्रजांनी केली असा नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात लिहिलेल्या शतपत्रांतून ब्राह्मणांच्या कारकुनीच्या व भिक्षुकीच्या ओढीवर कोरडे ओढले आणि व्यापार-उद्योगाकडे वळण्यास सांगितले. ते स्वतः मात्र सरकारी सेवेत होते व पुढे न्यायाधीशपदापर्यंत चढले. हे त्यांना उणेपणा आणण्यासाठी नमूद करीत नाही. नोकरीत असलेल्याने नोकरी शोधणाऱ्यास उद्योगाचा उपदेश करावा ही आपल्याकडील एक जुनी परंपरा आहे, एवढेच.

नोकरी नाकारणारे आणि त्यांचा पगाराचा वाद

या पार्श्वभूमीवर १८८० च्या आसपास पुण्यात जे घडले त्याचे महत्त्व लक्षात येते. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७९ साली सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले. टिळक आणि आगरकर त्यांना येऊन मिळाले. आगरकरांचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. टेंभूच्या एका गरीब घरातील हा मुलगा शिक्षणासाठी कराडच्या कचेरीत कारकुनी करून पुढे आला होता. उमेदवारीचे जग त्याने आतून पाहिले होते. एम. ए. होऊन आता भरघोस पगाराची सरकारी नोकरी पत्करील अशी घरच्यांची स्वाभाविक अपेक्षा असताना आपण तसे करणार नाही, पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून लोकांसाठी वेळ घालविणार, असे त्यांनी आईस लिहिलेल्या पत्रातून कळविल्याचे सर्वश्रुत आहे. त्या पत्राकडे आपण त्यागाचा नमुना म्हणून पाहतो. ते त्या माउलीच्या बाजूनेही वाचले पाहिजे. कर्ज आणि कष्ट तिच्या वाट्याचे होते, व परतफेड न करण्याचा निर्णय मुलाचा होता. हक्काची भावना एकट्या तरुणाच्या मनात नसते, ती कुटुंबाच्या हिशेबाच्या वहीत आधी लिहिलेली असते.

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या घरची वही तर अधिकच तंग होती. थोरले बंधू गोविंदराव यांना दरमहा १५ रुपये मिळत व त्यांतील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणास पाठवीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. १८८४ साली पदवीधर झालेल्या गोखल्यांनी सरकारी नोकरी, वकिली या वाटा सोडून डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यत्व पत्करले आणि दरमहा ७५ रुपयांवर काम केले. १९०२ साली ते निवृत्त झाले तेव्हा त्यांना ३० रुपये निवृत्तिवेतन मिळाले.

परंतु या त्यागी मंडळातही पगाराचा प्रश्न उभा राहिलाच, आणि तो उभा राहिला हे त्या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत मानवी प्रकरण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आजीव सदस्यांना संसार होते. पगार वाढावा काय, सदस्याने पुस्तके लिहून वा अन्य मार्गाने बाहेर प्राप्ती करावी काय, बाहेरची सार्वजनिक कामे अंगावर घ्यावीत काय, यांवरून वर्षानुवर्षे खटके उडाले. टिळकांची भूमिका कडक होती. जेझुइट पाद्र्यांप्रमाणे सदस्याने सारा वेळ संस्थेस द्यावा, ठरलेल्या वेतनापलीकडे अपेक्षा ठेवू नये, बाहेरून मिळेल ते संस्थेचे समजावे. आगरकर आणि इतरांना हे अव्यवहार्य वाटले. होळकर महाराजांनी दिलेल्या देणगीवरून कटुता वाढली. गोखल्यांनी १८९० साली सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले त्यास टिळकांनी हरकत घेतली. त्याच वर्षाच्या अखेरीस टिळकांनी विस्तृत निवेदन देऊन राजीनामा दिला.

या वादाकडे बहुधा सामाजिक सुधारणेच्या मतभेदाचे उपप्रकरण म्हणून पाहिले जाते. मला तो स्वतंत्रपणे महत्त्वाचा वाटतो. आपल्या कामाचा मोबदला मागणे म्हणजे ध्येयच्युती काय, हा प्रश्न मराठी शिक्षकवर्गात येथे प्रथम एवढ्या स्पष्टपणे चर्चिला गेला. टिळकांच्या भूमिकेत तत्त्वनिष्ठा होती यात शंका नाही. पण आगरकरांची बाजू न्यायाची होती, असे माझे मत आहे. त्यांना दम्याचा विकार होता, घरची मिळकत नव्हती, आणि १८९५ साली चाळिशी गाठण्यापूर्वीच ते गेले. अशा माणसाने केलेल्या पगारवाढीच्या मागणीस लोभ म्हणता येत नाही. त्यागाची पातळी ठरविणारे आणि त्याग करणारे यांच्या घरची स्थिती सारखी नसेल, तर 'सर्वांना समान त्याग' हा नियम समान राहत नाही.

ज्यांना अपेक्षा बाळगण्याचीही मुभा नव्हती

आतापर्यंतचे विवेचन ज्यांच्याविषयी झाले त्यांना निदान अपेक्षाभंग झाला, म्हणजे अपेक्षा होती. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. रयतेच्या करातून उच्चशिक्षणावर खर्च होतो, त्याचा लाभ वरच्या वर्गास मिळतो, सरकारी खाती त्यांनीच भरून जातात, आणि रयतेच्या मुलांना प्राथमिक शिक्षणही मिळत नाही, असा त्यांचा रोख होता. पदवीधराला नोकरी का मिळत नाही यापेक्षा शेतकऱ्याच्या मुलाला शाळा का मिळत नाही, हा प्रश्न त्यांना अगोदरचा वाटला.

कोल्हापूरचे आकडे हा रोख स्पष्ट करतात. १८९४ साली छत्रपती शाहू महाराज गादीवर आले तेव्हा दरबारच्या ७१ अधिकारपदांपैकी ६० पदे ब्राह्मणांकडे होती, आणि सुमारे ५०० कारकुनी जागांवर ब्राह्मणेतर अवघे १० होते. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ राहिले. या निर्णयावर जी टीका झाली तिचा सूर परिचित आहे. पात्रतेवाचून पद, श्रमावाचून हक्क! मात्र ७१ पैकी ६० हे प्रमाण केवळ पात्रतेतून आले, उमेदवारीच्या दारातील निवडीचा त्यात काही वाटा नव्हता, असे म्हणणे पुराव्यास धरून होणार नाही.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नोकरीप्रवेशाचा प्रसंग पुन्हा वाचावा. १९१३ साली बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करार होता. १९१७ साली ते करारानुसार बडोद्यास रुजू झाले. येथे पदावरील त्यांचा हक्क अक्षरशः लेखी होता, आणि पात्रतेत त्यांच्या तोडीचा माणूस त्या कचेरीत असणे अवघड होते. तरीही शिपाई कागद दुरून टाकीत. गावात राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेल्या दिवसांचा शेवट काठ्या घेऊन आलेल्या जमावाने झाला. नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेथेही काही सहकारी प्राध्यापकांनी पाण्याच्या सामाईक भांड्यास त्यांनी हात लावण्यावर हरकत घेतली. ते प्राध्यापक आपल्याच पेशाचे पूर्वज होते. 'हक्काची भावना' त्या दालनात नेमकी कोणाकडे होती?

शब्दाचे आजचे रूप

विसाव्या शतकात मॅट्रिक व पदवीधर बेकारांची संख्या एवढी वाढली की १९२७ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाला मध्यमवर्गीय बेकारीची पाहणी प्रसिद्ध करावी लागली. उमेदवारीची जुनी रीत स्पर्धा-परीक्षांनी मागे सारली, पण शब्द टिकला. १९६१ च्या कायद्याने कारखान्यात काम शिकणाऱ्या तरुणास 'शिकाऊ उमेदवार' हे नाव व विद्यावेतन दिले. विनावेतन राबण्याची रीत मात्र शिक्षणक्षेत्राने स्वतःजवळ ठेवून घेतली. विनाअनुदानित शाळांत अनुदानाच्या आशेवर वर्षानुवर्षे शिकवीत राहिलेले शिक्षक, आणि महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर, सुट्टीच्या महिन्यांत मानधनाविना, नेट-सेट वा पीएच.डी. ची प्रमाणपत्रे फायलीत ठेवून थांबलेले आपले सहकारी, यांना मोल्सवर्थच्या काळातील मराठी माणसाने एका शब्दात ओळखले असते. त्यांच्यातील कोणी कायम नियुक्तीविषयी विचारले की 'आमच्या वेळी आम्हीही थांबलो' असे उत्तर मिळते. ते उत्तर शिरस्तेदाराचे आहे.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतनावर ६ महिने शासकीय व खासगी आस्थापनांत काम, असे तिचे स्वरूप होते. २०२५ साली हा कालावधी ११ महिन्यांवर नेण्यात आला. मुदत संपत आली तेव्हा प्रशिक्षणार्थींनी कायम नेमणुकीची मागणी करून आंदोलने केली. प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे हे सर्वांना आधीच सांगितले होते, मग ही मागणी कशी, असे विचारले गेले. ग्रामपंचायतीच्या वा तहसील कार्यालयाच्या टेबलावर वर्षभर तेच कागद तयार करणाऱ्या तरुणाचे म्हणणे असे होते की काम तर संपलेले नाही.